तीन मिनिटांची घंटा

मित्रांनो, आज मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून कुरकुर नको. एका पिल्लानं, अंगावरची ओल अजून वाळलेली नाही अशा कोंबडीच्या पिल्लानं, वीज आयोगासमोर साक्ष दिली आणि तीन मोठ्या माणसांची बोलती बंद झाली. हे मी हातभर अंतरावरून पाहिलं आहे. मला हात नाहीत ही गोष्ट वेगळी.

मी एक जुनी विजेची घंटा आहे. तुमच्या शाळेच्या व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीच्या वर, तिरक्या खिळ्याला टांगलेली. रोज शेवटच्या तासाला तुम्ही सगळे माझ्याकडे अशा प्रेमानं बघता, की तसं कुणी आईकडेही बघत नसेल. आज मात्र सकाळपासून वीज नाही. वर्गात पंखे थांबले, म्हणून बाईंनी तुम्हाला इथे पायऱ्यांवर आणून बसवलं आणि त्या स्वतः वह्या तपासत बसल्या. वीज असली की मला बोलता येत नाही, वाजावं लागतं. वीज गेली की मी मोकळी. गेल्या काही वर्षांत मी फार बोलकी झाले आहे, त्यावरून काय ते समजा.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे एक जाड भिंगाचा चष्मा लावणारी बाई दिवसभर तार गुंडाळत बसायची. माझ्या पोटातलं तांब्याचं वेटोळं तिनंच गुंडाळलं. ते तांबं एका ट्रान्सफॉर्मरमधून काढलेलं होतं, आणि त्या ट्रान्सफॉर्मरवर म्हणे सात वेळा वीज कोसळली होती. म्हणजे माझ्या अंगात आभाळातली वीज आहे. हसू नका. ती बाई मला पेटीत ठेवताना म्हणाली होती, "जा गं, मोठ्या घरी पडशील." आणि खरंच पडले. मला वीज आयोगानं विकत घेतलं.

आता आयोग म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत नसणार. मोठ्यांनाही नसतं. वीज विकणारी कंपनी आपल्या मनानं दर वाढवू शकत नाही. तिला सरकारनं नेमलेल्या तीन माणसांकडे जाऊन सांगावं लागतं, की आमचं भागत नाही हो, दर वाढवून द्या. मग ही तीन माणसं गावोगाव जातात, एखाद्या सभागृहात टेबल मांडून बसतात आणि लोकांना विचारतात, तुमचं काय म्हणणं? ज्याचं काही म्हणणं असेल त्यानं उभं राहायचं आणि बोलायचं. तीन मिनिटं. तीन मिनिटं झाली की घंटा. घंटेआधीचं बोलणं कागदावर जातं. घंटेनंतरचं हवेत जातं.

ती घंटा मी.

साधी हातानं वाजवायची पितळी घंटा का नाही घेतली, असं कुणीतरी विचारलंही होतं. तेव्हाचे साहेब म्हणाले, "विजेच्या आयोगाची घंटा विजेवरच चालली पाहिजे. लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणायचे ते म्हणालेच. कारण जिथे जाऊ तिथली वीज त्याच कंपनीची, ज्या कंपनीविरुद्ध बोलायला लोक आलेले असायचे. वीज धड असली तर मी अशी खणखणायचे, की मागच्या रांगेत डुलक्या घेणारे दचकून उभे राहायचे. पण दाब कमी असला, की माझा टोला वाटीपर्यंत नीट पोचायचाच नाही. नुसता थरथरायचा. आवाज यायचा तो चिक् चिक्, चिव् चिव्. मग आमचे शिपाईकाका तोंडावर हात धरून म्हणायचे, "आज हिचं पिल्लू झालं!"

शिपाईकाका म्हणजे माझं सर्वस्व. तेच मला पिवळ्या पंच्यात गुंडाळून पिशवीतून न्यायचे, तेच तार जोडायचे, आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत माझ्या बटणावर अंगठा ठेवून तेच बसायचे. इतकी वर्षं त्या अंगठ्याखाली काढली, पण त्याला पडलेले घट्टे मला कधी टोचले नाहीत.

एकदा तर काय झालं, एक निवृत्त मास्तर बोलायला उभे राहिले आणि नेमकी वीज गेली. आता घंटा वाजल्याशिवाय वेळ संपत नाही, असा नियम. मास्तरांना तो तोंडपाठ. ते बोलतच राहिले. मीटरवरून खांबावर गेले, खांबावरून धरणावर, धरणावरून स्वतःच्या लग्नावर. दुपारी वीज आली आणि मी वाजले तेव्हा मास्तरांच्या थोरल्या मुलीचं बारसं चाललं होतं. सगळं कागदावर आहे. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा.

मी काही नुसती वाजत नव्हते, ऐकतही होते. कंपनीचे वकील प्रत्येक गावात तेच सांगायचे. तारा म्हाताऱ्या झाल्या आहेत. निम्मी वीज वाटेतच गळते. निवडणूक आली की दर वाढवू देत नाहीत, आणि निवडणूक झाली की नुकसान आमच्या गळ्यात. आम्ही बुडालो तर सगळे अंधारात बसाल. मला वाटायचं, हा माणूस खोटं बोलतो. पण तो खोटं बोलत नव्हता, मित्रांनो, तेच तर वाईट होतं. मग लोक उठायचे. एक सांगे, माझी दळणाची गिरणी बंद पडली. दुसरी सांगे, आम्ही एकाच खोलीत दिवा लावतो आणि सगळे तिथेच बसतो. तेही खोटं बोलत नव्हते.

मधल्या खुर्चीत अध्यक्ष बसायचे. जुने इंजिनिअर. तरुणपणी यातल्याच कितीतरी तारा त्यांनी उभं राहून ओढून घेतल्या होत्या. सतत चष्मा पुसायचे. एकदा चहाच्या वेळी शिपाईकाकांनी धीर करून विचारलं, "साहेब, एवढं ऐकून घेता, मग शेवटी करता काय?"

अध्यक्ष म्हणाले, "वाढ दिली तर ही माणसं मरतात. नाही दिली तर तारा मरतात."

"मग?"

"मग निम्मी देतो. दोघंही सावकाश मरतात." आणि चष्मा पुसायला लागले. शिपाईकाकांनी बशी उचलली ती चहा न पिताच.

आता येतो त्या दिवसावर. सहा वर्षं झाली. सुनावणी याच गावात होती, बाजारामागच्या सभागृहात. कंपनीनं या वेळी नुसती वाढ मागितली नव्हती, एक नवीन टूम काढली होती. घरात बसून जे काही विकायला तयार केलं जातं, त्याची वीज घराच्या नाही, दुकानाच्या दरानं धरायची. शिवणयंत्र असो, पिठाची छोटी चक्की असो, सगळं दुकान. कागदावर ती एकच ओळ होती. त्या ओळीवर बोलायला एक बाई आली होती.

गावात तिला पिल्लंवाली म्हणत. घरात तिचं अंडी उबवायचं यंत्र होतं. कपाटाएवढं, आत फळ्या, फळ्यांवर अंडी. यंत्राला तीन आठवडे रात्रंदिवस वीज लागायची. पिल्लं निघाली की आसपासची माणसं खोकी घेऊन यायची. मुलगा आणि सून दूर कामाला गेली ती तिकडचीच झाली. मागे ही बाई, एक चार वर्षांची नात आणि ते यंत्र. यंत्र दुकानाच्या दरात गेलं की बंद करावं लागणार, हे तिला तो कागद वाचून दाखवणाऱ्या माणसानंच सांगितलं होतं.

ती आली ती पोटाशी एक पेटी धरून. पेटीभोवती शाल, शालीच्या आत गरम पाण्याच्या बाटल्या. दारावरच्या पोलिसानं अडवलं.

"पेटीत काय आहे?"

"अंडी."

पोलिसाचा चेहरा बघण्यासारखा झाला. सुनावणीला अंडी घेऊन येणाऱ्या माणसाबद्दल पोलिसाच्या मनात काय येणार! तेवढ्यात शिपाईकाका धावले. "सोडा हो, सोडा. फेकायची नाहीत, उबवायची आहेत. मी विचारलंय."

"घरी ठेवून यायची की मावशी," पोलीस म्हणाला.

"ठेवली असती की रे बाबा. पण आमच्या गल्लीत दहा ते चार वीज नसते. यंत्र गार पडलंय. म्हणून निम्मी इथे आणली आणि निम्मी शेजारणीच्या मांडीवर ठेवली."

सभागृहाची लाइन वेगळी होती. तिथे वीज होती, पण नावाला. दिवे आजारी माणसाच्या डोळ्यांसारखे दिसत होते.

शिपाईकाकांनी तिला बाकावर बसवलं आणि कानात सांगितलं, "मावशी, एक ऐका. मागणं आधी सांगा. काय हवं ते पहिल्या वाक्यात. बाकीचं मग."

"बरं," ती म्हणाली.

पण अंडी उबवणारी माणसं शेवटून सुरुवात करत नाहीत, मित्रांनो. त्यांना ते जमतच नाही. पहिला दिवस झाल्याशिवाय दुसरा येत नाही, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं असतं. तिचं नाव पुकारलं गेलं. ती उठली, पेटी टेबलावर ठेवली, माझ्या अगदी शेजारी. तिची ऊब माझ्या वाटीला लागली. शिपाईकाकांनी घड्याळ बघितलं.

ती म्हणाली, "साहेब, पहिल्या दिवशी अंड्यात काहीच नसतं."

अध्यक्षांनी चष्मा पुसायचा थांबवला.

"दिवसातून पाच वेळा फिरवावं लागतं. नाहीतर आतला जीव एका बाजूला चिकटतो. सातव्या दिवशी दिव्यासमोर धरायचं. आत लाल जाळं दिसतं, कोळ्याच्या जाळ्यासारखं. ज्यात दिसत नाही ते बाजूला काढायचं. नात मला विचारते, काढलेल्यांचं काय होतं. मी सांगते, ती शाळेत जातात."

सभागृहात कुणीतरी हसलं. वकीलसाहेब अर्धवट उठले. "बाई, आपलं म्हणणं कशावर आहे?"

"सांगते ना. चौदाव्या दिवशी आत हालचाल कळते. हातात धरलं की कळतं. आज अठरावा दिवस आहे. आज फिरवणं थांबवायचं. आता नुसती ऊब लागते, बाकी काही नाही. नातीला आकडे एकवीसपर्यंतच येतात. त्यापुढचे तिला लागत नाहीत."

"कंपनी तोट्यात आहे, बाई," वकीलसाहेब म्हणाले. आवाज मात्र चढवला नाही त्यांनी. "वाढ मिळाली नाही तर आम्हाला तारा बदलता येणार नाहीत. मग तुमच्या गल्लीत दहा ते चार नाही, दिवसभर वीज नसेल. अंडी तेव्हाही गारच पडणार."

"ते कळतं मला. तुमचंही घर चाललं पाहिजे. पण साहेब, दिवा मालवता येतो. पंखा बंद करून घाम पुसता येतो. अंडं अर्धं उबवून बाजूला ठेवता येत नाही." तिनं शालीचं टोक नीट केलं. "म्हणून माझं मागणं एवढंच आहे, की..."

आणि तेव्हा, मित्रांनो, तेव्हा ते झालं.

चिव् चिव्.

वकीलसाहेब उभे ते उभेच. पेटीतून आवाज आला होता! पुन्हा एकदा, चिव् चिव्. एका अंड्याला तडा गेला, टवका उडाला, आणि ओलं, पिवळं, तोल जाणारं एक पिल्लू बाहेर आलं. ते पेटीच्या काठावर चढलं. तिथून माझ्या वाटीवर उतरलं. त्याचे पाय किती गरम होते म्हणून सांगू! अध्यक्षांकडे तोंड करून ते तिसऱ्यांदा ओरडलं.

शिपाईकाकांचा अंगठा त्या वेळी कुठे होता, ते मला आठवत नाही. मी म्हातारी झाले, सगळंच कसं आठवेल?

अध्यक्ष उठून उभे राहिले. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. म्हणाले, "यापुढे काही ऐकायची गरज नाही." ती दुकानाच्या दराची ओळ त्यांनी तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत, लाल शाईनं खोडली. वकीलसाहेबांनी फाइल मिटली आणि पिल्लाला नमस्कार केला. त्या पिल्लाची पुढे मोठी कोंबडी झाली आणि तिनं म्हणे कंपनीच्या कचेरीतच बस्तान बसवलं. तिथले लोक अजून तिला उठून जागा देतात.

पिल्लंवाली एकही शब्द न बोलता पेटी उचलून निघाली. आनंदानं माणसाला बोलायला सुचत नाही, तसं झालं असणार. जिन्यावर तिची पायरी चुकली म्हणून शिपाईकाका धावले, त्यांनी पेटी स्वतःच्या हातात घेतली आणि तिला खालपर्यंत पोचवायला गेले. त्यांचे डोळे भरले होते. तेही आनंदानंच. त्या गडबडीत ते मला टेबलावरच विसरले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. संध्याकाळी त्यांची गाडी निघून गेली.

ते परत येतील म्हणून मी वाट पाहिली. पण त्यानंतर सुनावण्या मोबाइलवर व्हायला लागल्या. तिथे तीन मिनिटं झाली की माणसाचा आवाजच बंद होतो, घंटेची गरज पडत नाही. सभागृहाच्या कारकुनानं मला कपाटात टाकलं. फुटक्या कुंड्या, जुने फलक आणि मी. माझ्या वाटीत कोळ्यानं घर केलं. तिथे अंधारात मी चार वर्षं काढली, आणि तो एक दिवस मनातल्या मनात पुन्हा पुन्हा घडवत राहिले. जितक्या वेळा घडवला तितक्या वेळा तो जास्त चांगला घडला.

मग तुमच्या मुख्याध्यापिका एक जुनं टेबल मागायला तिथे आल्या. कारकुनानं टेबलाबरोबर मलाही देऊन टाकलं. कोळ्याला हाकललं, वाटी चिंचेनं घासली, आणि मी पुन्हा वाजू लागले. इथे मी वाजले की मुलं उड्या मारतात. कुणाचं तोंड अर्ध्यात उघडं राहत नाही. या वयात आणखी काय हवं?

तर मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. जुन्या वस्तूंना टाकाऊ समजू नका. माझी तार सैल झाली आहे, ती कुणीतरी आवळा. पाण्याच्या टाकीवर चढून मला खडे मारू नका. आणि कुणी बोलत असेल तर त्याचं बोलणं संपेपर्यंत...

"खोटं आहे हे."

कोण बोललं? ती बघा, खालच्या पायरीवर, दोन वेण्यांची, पाचवीतली. उगाच मधे बोलू नये गं.

"अठराव्या दिवशी पिल्लू निघत नाही," ती म्हणाली. "एकविसाव्या दिवशी निघतं."

असतं गं एखादं घाईचं. पिल्लंच ती.

"नसतं. शेजारच्या काकूंकडची आणि पेटीतली, सगळी अंडी गार पडली होती. त्यांतलं एकही निघालं नाही. आणि ती ओळ कुणी खोडलीबिडली नाही. ते यंत्र आमच्या घरी आहे. आम्ही त्यात कांदे ठेवतो."

सगळी मुलं तिच्याकडे बघायला लागली. ती मात्र माझ्याकडे बघत होती.

"तू मघाशी सांगितलंस ना, दाब कमी असला की तू चिवचिवतेस. ती तूच होतीस. आजीची वेळ संपली होती. मागणं तिनं शेवटी ठेवलं होतं. माझं यंत्र घरातच धरा, एवढंच म्हणायचं होतं तिला. अजून म्हणते ती, कांदे काढताना."